समुद्रशास्त्राची शेवटची जागा

...आणि वर लोक मलाच विचारतात, "नॉर्मन, बहात्तराव्या वर्षी हे काय सुचलं तुला?" अहो, सुचतंय कुठलं! तुम्हाला सांगतो, मी नुसता फोन धरून बसलो होतो!

ऑगस्टातला गुरुवार. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल. आमच्या इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये त्या दिवशी घराघरांत एक तरी माणूस रडत असतं. आमच्याकडे हेटी, माझी नात. तिला लहानपणापासून समुद्रशास्त्राचं वेड. पोरगी वाढली डोंगरात, पण वेड समुद्राचं! आणि रसायनशास्त्रानं घात केला. हवा होता 'ब', आला 'क'. झालं, ठरलेली जागा गेली. आता उरल्यासुरल्या जागा ज्या विद्यापीठांकडे असतील त्यांना फोन करायचा आणि रांगेत थांबायचं. त्या पदव्या तरी काय एकेक! आमच्या वेळी इतिहास म्हणजे इतिहास. आता गोल्फच्या मैदानाचं व्यवस्थापन, जत्रांचं आयोजन... गवत कापायला तीन वर्षं! पण समुद्रशास्त्र एकाच ठिकाणी, आणि तिथंही जागा एकच.

हेटी रडत वर गेली, न्हाणीघराला आतून कडी. माझी मुलगी लॉरेन, म्हणजे हेटीची आई, मला म्हणाली, "बाबा, घरचा फोन धरून बसा. नंबर आला की तिला हाक मारा. बाकी काही करू नका. *काही* करू नका."

बसलो. "आपला क्रमांक एकशे सत्याऐंशी." मग ते संगीत! माझी बायको मॉरीन तीनदा चहा ठेवून गेली, तेच संगीत. शेवटी "आपला क्रमांक दोन." मी ओरडलो, "हेटी!" पुन्हा, "हेटीऽऽ!" आणि कानात एक पोरगा, "हॅलो! मी फिन! नाव काय मित्रा?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? फोन ठेवायचा? एवढी रांग पार करून? आमच्यात माणूस एक वेळ बायको सोडेल, पण रांगेतली जागा सोडणार नाही! म्हटलं, "नॉर्मन बूथरॉयड."

"पालक नाहीस ना? पालक असतील तर फोन ठेवावा लागतो मला."

"पालक? छे!" खोटं नाही हं, मी आजोबा!

"रसायनशास्त्रात काय मिळालं?"

"'अ'." तेही खरं! साल एकाहत्तर. पण साल त्यानं विचारलंच नाही.

"समुद्राशी संबंधित काही अनुभव?"

आता अडतीस वर्षं मी नगरपालिकेत गटार खात्यात कारकून. म्हटलं, "शेवटी सगळं समुद्रालाच जातं, त्याच्या नोंदी ठेवल्यात."

"जबरदस्त! अभिनंदन मित्रा, जागा तुझी!"

आणि मी काय म्हणालो असेन? "आभारी आहे." सवय हो! आमच्या पायावर कुणी पाय दिला तरी माफी आम्हीच मागतो. आता खरं काय ते सांगावं, तोवर फोन बंद. आणि वरून किंकाळी! "आई गंऽ! शेवटची जागा आत्ता गेली! कुठल्या मेल्यानं घेतली?"

कार्टी कडी लावून आत मोबाइलवरून त्याच रांगेत उभी होती. बरोबर माझ्या मागे, क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी!

मी म्हटलं, "बाळा, मी नुसता फोन धरून—"

"आजोबा!!" पुढचं सांगत नाही. न्हाणीघराचा दरवाजा अजून नीट लागत नाही.

जागा परत करायची म्हणून पुन्हा फोन. पुन्हा ते संगीत. अखेर मला जोडलं कुणाशी? डेबीबाईंशी. खचलेल्या विद्यार्थ्यांना धीर देणं हे त्यांचं काम.

"नॉर्मन, आपण इथले नाही असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं हं."

"अहो, मी नाहीच तिथला! मी नुसता फोन धरून बसलो होतो!"

"घरून दबाव येतोय का तुझ्यावर?"

मागे वळून पाहिलं. लॉरेन कमरेवर हात ठेवून उभी, हेटी मोबाइल रोखून. खोटं कसं बोलू? म्हटलं, "हो."

"मग तर मुळीच सोडायचं नाही!"

पाऊण तास हो! माझा आत्मविश्वास वाढवत होती बाई. शेवटी तोड निघाली. ह्या वर्षीची जागा मोकळी, माझा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला. ती जागा त्याच मिनिटाला हेटीनं उचलली. आडनाव ती आईचंच लावते, तर फिननं तिला विचारलं म्हणे, "बूथरॉयड? नॉर्मन कोण तुझा?" पोरगी काय म्हणाली? "ओळखत नाही."

आता पुढच्या सप्टेंबरात ती दुसऱ्या वर्षाला, मी पहिल्या. तिनं आत्ताच बजावलंय, विद्यापीठाच्या खानावळीत ती दिसली तर मी हात करायचा नाही.

म्हटलं, निदान बायको तरी अडवेल. काल मॉरीनला म्हणालो, "तीन वर्षं घराबाहेर राहायचं ह्या वयात... तुला काय वाटतं?"

विणकामातून मान वर न करता म्हणाली, "चार वर्षांची पदवी नाही का देत ते?"