पैनगंगेवरची होडीवाट आणि आमचे शकूरभाऊ

जमलेल्या माझ्या माणसांनो,

देऊळघाटहून इथे डोणगावला येताना बसमध्ये चार ओळी लिहून आणल्या होत्या. इथे आले, शकूरभाऊंच्या घरच्या जमीला भाभींना समोर बसलेलं पाहिलं, आणि तो कागद पर्समधून काढायचा धीर झाला नाही. आयुष्यभर शाळेत बोलले. आज जमत नाहीये. अडखळले तर सांभाळून घ्या.

शकूरभाऊंना तुम्ही सुतार म्हणून ओळखता. तुमच्या कितीतरी घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. मी त्यांना नदीवर ओळखलं.

तेव्हा मी इथेच राहायचे, इथल्या शाळेत तुमच्या मुलींना भूगोल शिकवायचे. आपल्या या पट्ट्यात पैनगंगेला कुठे अडवलेलं नाही, पावसाळा सरला तरी ती काही दिवस मोकळी वाहते, हे नकाशावर दाखवायचे. मग वाटलं, नकाशावरच काऊन? जुन्या दगडी घाटापासून खाली, होडीत बसून, वल्हं मारत जाता येईल अशी वाट करावी. काठावरचं देऊळ, पलीकडचा दर्गा, सगळं पाण्यातून बघता यावं. ग्रामसभेत हे मांडलं तेव्हा लोक हसले. इथे बसलेलेही काही हसले होते. शकूरभाऊ हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, की वल्हं किती लांब लागतं.

त्या वर्षी त्यांनी अख्खा काठ पायी पालथा घातला. कुठे खडक, कुठे डोह, कुठे होडी काठाला लावता येते, हे सगळं प्लायवूडच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने काढलं. काठावरचे शेतकरी नाराज होते. लोक येतील, पीक तुडवतील. शकूरभाऊ एकेकाच्या बांधावर जाऊन बसले. कुणी पिकात पाय ठेवला तर मले बोलवा, म्हणाले. त्यांच्या शब्दावर शेतकऱ्यांनी वाट दिली.

मग उद्घाटनाचा दिवस आला. मांडव, पाहुणे, माझ्या शाळेच्या मुली लाईफ जॅकेट घालून रांगेत उभ्या. आदल्या दिवशी वर कुठे पाऊस झाला होता, पाणी थोडं चढलं होतं. शकूरभाऊ पहाटेच एकटे होडी घेऊन पुढे पाहणी करायला गेले होते. ते परत आले ते काठाने, पायी, ओलेचिंब. होडी नव्हती, पण मांडवाच्या गडबडीत ती कुठे गेली हे मी विचारलं नाही.

मला म्हणाले, "बाई, आज पोरी पाण्यात नाही जाणार."

मी कारण विचारलं. पाणी बरोबर नाही, इतकंच म्हणाले. पाहुणे घड्याळ बघत होते. पाणी तर घाटावर शांत दिसत होतं. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी बोलले, "शकूरभाऊ, तुम्हाला भीती वाटत असेल तर बाजूला व्हा."

ते बाजूला झाले नाहीत. होड्यांच्या पुढे, शेवटच्या पायरीवर, जाऊन बसले.

कार्यक्रम मोडला. पाहुणे निघून गेले. कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर त्यांची टिंगल चालली, भित्रा सुतार म्हणून. तुम्हाला आठवतं. मलाही आठवतं, कारण मी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

पाणी उतरल्यावर मी एकटीच काठाने चालत गेले. अरुंद वळणावर एक अख्खी बाभूळ मुळासकट आडवी अडकली होती. घाटावरून ती दिसणं शक्यच नव्हतं. आणि तिच्या फांद्यांखाली शकूरभाऊंची होडी होती. मधोमध मोडलेली.

मी तशीच त्यांच्या कारखान्यात गेले. ते रंधा मारत होते. मी विचारलं, त्या दिवशी सांगितलं का नाही? इतकं ऐकून का घेतलं?

रंधा न थांबवता ते म्हणाले, "मी बुडता बुडता वाचलो असं पोरीयले सांगतलं असतं, तर त्या पुन्हा नदीवर आल्या असत्या का?"

भाभींनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. खांदा दुखावला होता, तो फळी पडून दुखावला, असं घरी सांगितलं. खरं काय ते भाभींना माझ्याकडून कळलं.

पुढच्या हंगामात, मांडव न घालता, पाहुणे न बोलावता, वाट सुरू झाली. पहिल्या होडीत त्याच मुली होत्या. शकूरभाऊ सगळ्यांच्या पुढे. त्यानंतर दर हंगामात मुली उतरण्याआधी ते एकटे जाऊन यायचे. गेल्या आठवड्यात काम करता करता छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत ते गेले.

त्या दिवशी कारखान्यात मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी रडले, आणि मग काठावर धोक्याचे बोर्ड कुठे लावायचे ते बोलत बसले. त्यांनीही विषय काढला नाही. नंतर आम्ही इतकं काम केलं, की मला वाटलं, झालं, मिटलं.

पण मी ते शब्द चारचौघांत बोलले होते. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे होते. म्हणून आज तुमच्यासमोरच परत घेते.

शकूरभाऊ, मी चुकले. मला माफ करा.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका.