बाबांचे सोंडवाले पक्षी

हॅलो?… हां, बरं झालं फोन केलास. चारदा लावला तुला… अगं नाही, बाबांना काही झालेलं नाही. तेच तर सांगतेय, काहीच झालेलं नाही त्यांना!

… हो, हो… अगं ऐक ना. बाबांना दिसतात ते सोंडवाले पक्षी. खरंच आहेत ते… मला कुठला भास? टळटळीत दुपारी, खिडकीपाशी पडदा शिवत होते. समोर सदाफुलीवर हा अंगठ्याएवढा! हवेत एका जागी उभा. पंख दिसतच नाहीत, नुसती भुरभुर. आणि फुलात ही लांब सोंड…

नाही गं, पक्षी नाहीच. शेजारच्या रोपवाटिकेच्या काकांना बोलावून दाखवला. म्हणाले, पतंग आहे. दिव्यावर येतात ना, त्यांच्यातलाच, पण हा दिवसाढवळ्या फिरतो. एक नाही, तीन होते.

… हो. अगदी बाबा सांगायचे तस्सेच.

… रडू नकोस. वही काय तू एकटीनं लिहिलीस? डॉक्टर म्हणाले भास लिहून ठेवा, आणि आपण दोघी बहिणी बसलो तारीख-वार घालून. ‘आज पुन्हा सोंडेचे पक्षी.’ एकीनं तरी उठून अंगणात जायचं की नाही? साठी बुद्धी नाठी म्हणून हसलो. चांगल्या माणसाला वेड्यात काढलं गं आपण…

… चष्मा हरवतात म्हणून काय, मीही हरवते!

… तेच म्हणतेय. वृद्धाश्रमात कळव, उद्या बाबांना आणत नाही म्हणून… डॉक्टरांशी मी बोलते. त्या वहीवरूनच बाबांना भ्रम झालाय असं लिहून दिलंय ना त्यांनी?

… बाबा खूश? नाही गं. थांब, दार लोटते.

… हाताला धरून नेलं त्यांना. म्हटलं, बाबा, हे बघा तुमचे पक्षी! समोरच होता, हातभर अंतरावर. बघितलं त्यांनी. नजर त्याच्याबरोबर फिरत होती, मी पाहिली ना… आणि मान खाली घातली. म्हणाले, “मला काही दिसत नाही. आता बरा आहे मी. वहीत तसं लिही.”

… किती सांगितलं! पतंग आहे म्हटलं, काकांना विचारा म्हटलं. “मला नाही दिसत,” एवढंच… नाही लिहिलं मी. कशी लिहू?

… थांब, दार वाजतंय… हो बाबा, आले…

वही आणि पेन घेऊन उभे आहेत गं. ठेवते.