उतारावरचा नळ

मी मूळचा वलवणचा, म्हंजी आमची भाताची खाचरं धरणात गेली ना, तितला. आठ-धा वर्साचा आसंन मी. पाणी चढाया लागलं तसा बा रोज जाऊन बांधावर उभा ऱ्हायचा, आन एक दिस गेला तर बांधच न्हवता. मग आमी लोणावळ्यात आलो, बाजारामागल्या उतारावर समद्यांनी झोपड्या घातल्या. बा रेल्वेच्या गँगमधी खडी टाकाया लागला. आई न्हवती. थोरली बहीण आक्का, तीच आई. सवता बंगल्यावर भांडी घासायची आन मला साळंत धाडायची, चौथी झालो मी तिच्यामुळं.

मालधक्क्यावर हमाल झालो, मग मुकादम. बाजारात कुनाचं भांडण झालं की मला बोलवायची, तसाच निवडून आलो मुन्शिपाल्टीत. तवा मत घरपट्टी भरणाऱ्याला, झोपडीवाल्याला कुटलं मत, पन आक्का दुकान-दुकान फिरली, म्हनली माझा भाऊ हाय, खोटं बोलत न्हाई. काय सांगू तुमाला मास्तर.

पुढं अध्यक्ष कोन व्हायचा यावरनं बाजारवाले आन बंगलेवाले यांची जुंपली, एकाला दुसरा नको, म्हनून मला बसवला. आक्का कचेरीच्या दाराशी उभी होती, आत यायाला लाजली. मी साऱ्यांदेखत बोललो, पयला नळ उतारावरच्या वस्तीला. आवो, धरण आमच्या जमिनीवर भरलेलं आन आमी प्यायचो नाल्याचं.

तर बंगलेवाल्यांचा एक मेंबर व्हता, लय गोड मानूस, त्यानं घरी चहाला बोलवलं. म्हनला मुकादम, उन्हाळ्याचा सीझन आला, मुंबईचे पाहुणे येत्याल, बंगल्यांच्या रस्त्याला नळ आदी टाकू, वस्तीला पावसाळ्यानंतर, न्हाईतर आमाला अध्यक्ष बदलावा लागंल. मी मनाशी म्हनलं, खुर्ची गेली तर नळबी जाईल. मी नळ वाचवत व्हतो का खुर्ची, ते मला आजून सांगता येत न्हाई. बैठकीत बंगल्यांच्या नळासाठी हात वर केला.

आक्काला सांगाया गेलो तर ती घागर घिऊन निघालीवती. म्हनली आरं, इतकी वर्सं नाल्याचं पितूय, आनखी चार म्हैन्यानं काय मरतूय व्हय. आन हसली.

मिरगाच्या आदी पटकी आली, जुलाब-वकाऱ्यांची साथ. पयली तीन घरं, मग निम्मी वस्ती. डाक्टरला घिऊन मी आक्काकडं गेलो तर डोळे खोल गेलेले, पाणी पाणी करतीय. दाजी, तिचा नवरा, हातात तांब्या धरून माझ्याकडं बघत म्हनला, अध्यक्ष, हितलंच पाजू का? मी तांब्या घेतला आन पळालो, बंगल्यांच्या रस्त्याला नवा नळ व्हता, त्यो सोडला, भरला, तसाच पळत आलो. तवर ती गेलीवती. दाजीनं माझ्या हातातला तांब्या घेतला आन तिच्या तोंडात पाणी घातलं.

फुडच्या बैठकीत वस्तीचा नळ मंजूर झाला, कुनी हूं का चूं केलं न्हाई. नळ आला त्या दिशी लोकांनी हार आनला. मी म्हनलं, दाजीच्या हातानं सोडूया. निरोप धाडला, त्यो आलाच न्हाई. शेवटी एका बाईनं सोडला. त्याच आठवड्यात मी राजीनामा लिवून दिला.

आता म्हनत्यात गोरं सरकार जानार, समद्यांना मत मिळनार. परवा मानसं आलीवती, आबा, पुन्यांदा उभं ऱ्हावा. मी म्हनलं, न्हाई बाबांनो, माझ्याच्यानं व्हायाचं न्हाई.

दाजी हाय आजून. बाजारात गाठ पडती. समद्यांना राम राम घालतो, माझ्याम्होरं आला की मान वळवतो. मी घालतो राम राम, दर खेपंला घालतो. त्याचं बरोबर हाय मास्तर. तुमी लिवताय तर हेबी लिवा, की त्याचं बरोबर हाय. आन जावा आता, ऊन व्हायच्या आत घर गाठा. सुखी ऱ्हावा.