ओलीभोवतीच्या रेघा

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंचा नंबर लांब होता. त्या डोळे मिटून बसल्या खऱ्या, पण कान शेजारच्या दोघी मैत्रिणींकडेच होते.

"झाली का गं भिंत दुरुस्त?"

"नाही. गवंड्याला तिसऱ्यांदा परत पाठवलं."

"अगं, बारा वर्षं घरमालकाच्या मागे लागला होतात ना दोघं?"

"दोघं कसले! हेच लागायचे. मालक म्हणायचा, ओल वाढत नाही, तुम्हाला भास होतो. झालं, हे पेटले! दर वर्षी ठरलेल्या तारखेला, ओल आली असेल तिथवर पेन्सिलीने रेघ मारायची, खाली तारीख आणि सही. पुरावा म्हणे!"

"भिंतीवर सही?"

"जन्मभर कारकुनी केलेली. सहीशिवाय कशालाच किंमत नाही. मी स्टूल धरायचे, आणि हे वरून दटावायचे, 'हलू नकोस, सरकारी काम चालू आहे.'"

"आणि आता भाऊजी नाहीत, मालक तयार झालाय, तर तूच अडून बसलीस."

"रोज फोन करतो मेला. काकू, काम करून घ्या हो! पण गवंडी म्हणतो, सगळा गिलावा खरवडावा लागेल."

"मग गळू द्यायचं?"

"वरचा पाइप बदलू दिला की. भिंतीला तेवढा हात लावू दिला नाही."

"मग थांबली का ओल?"

"यंदा त्याच तारखेला मीच चढले स्टुलावर, बघायला. ह्यांच्या शेवटच्या रेघेपाशीच थांबलेली. खाली स्टूल धरायला कोणी नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं, 'हलू नका हं, सरकारी काम चालू आहे.'"