नानांची बैलजोडी

मी कॉलेज सोडल्यापासून आमच्या नानांना, म्हणजे मोठ्या काकांना, जेवताना चटणी लागत नाही, माझा विषय पुरतो. तरी नरडाण्याच्या नव्या घराच्या भिंतीवर फुटक्या टाइल्सची बैलजोडी मीच करायची, खाली त्यांच्या नावासकट. कारण मी फुकट.

तुकडे चिकटले. फटी भरायला मी सगळ्या चित्रावर करडं ग्राउट फासलं. थोड्या वेळानं ओल्या स्पंजानं वरचा थर काढायचा असतो. नानांना मात्र दिसला नुसता चिखल.

“बठ्ठं वाटोळं करी टाकं!” म्हणत त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. “देखा, कॉलेज सोडेल पोऱ्यानं काम!”

“नाना, बैल दिसले तर?”

“तर पुन्हा कॉलेजचं नाव काढणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो!”

मी आरामात चहा संपवला आणि स्पंज फिरवला. शिंगं निघाली, झूल निघाली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. नाना पुढे आले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “एवढं डोकं होतं, मग कॉलेज का सोडलं रे?”

खाली त्यांच्या नावावरचा थर तेवढा काढायचा राहिला होता. मी स्पंज धुऊन दोरीवर टाकला. तो थर आता दगडासारखा वाळलाय.