सत्तावीस इंचांवरचं कुंकू

धाकट्या जावेकडे, पौर्णिमाकडे, चोवीस इंची मॉनिटर आला, म्हणून बेबीताईंनी सत्तावीस इंची घेतला. हेतू एवढाच, की तिनं जळावं. अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरात दोघी माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"नव्या मॉनिटरच्या पूजेले बोलावलं, तं तू पडद्यावरच अंगठा दाबला. मधोमध काळा डाग पडला."

"तुमीच म्हटलं ना जाऊबाई, कुंकू ठसठशीत लाव."

"तुया मॉनिटरले काहून नाही पडला?"

"मी खालच्या स्टँडले लावलं. अन् तुमाले बोलावलंच नाही."

काउंटरवरून आवाज आला, "ताई, दाबाचा डाग वॉरंटीत बसत नाही."

"जाऊबाई, तुमच्या शिवमची परीक्षा आहे. तोवर माया चोवीस इंची न्या."

"काही गरज नाही."

"मंग पोरानं वाचावं कसं?"

"वाचते तो डागाच्या कडेकडेनं."