एका कागदावर दोन जावा

आजच्या सभेच्या सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो त्या आमच्या चित्रकलेच्या बाई, आणि नखांतला रंग न काढताच आलेल्या माझ्या वर्गमित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या आपल्या वर्गाबद्दल बोलायचं ठरलं, तेव्हा मी बाईंना विचारलं, खरं सांगू का? त्या म्हणाल्या, खरंच सांगा, पण थोडक्यात.

तर गोष्ट दोन जावांची. धाकटी मी. थोरल्या ताई समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलते आहे. 'जावा जावा, उभा दावा' असं आपण हसत म्हणतो. आमच्याकडे मात्र हसू उरलं नव्हतं. सासूबाई दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. त्यांना न्यायला उशीर कोणामुळे झाला, हे कुणी तोंडाने विचारलं नाही. पण ताई मला दोष देतात, असं मी मनाशी धरून बसले. त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. दोन वर्षं सगळे निरोप मुलांमार्फत.

मन रमावं म्हणून मी या वर्गात नाव घातलं. महिनाभराने एका शनिवारी दारात कोण उभं? ताई! यांना चित्रकलेचं काय पडलंय? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

त्या दिवशी नदीचं चित्र होतं. बाईंनी सगळ्या रंगांच्या नळ्या काढून घेतल्या आणि एक काळपट निळा तेवढा ठेवला. लांबचे डोंगर भरपूर पाण्यात, फिके. अलीकडची झाडं जरा गडद, जवळचा काठ सर्वांत गडद. आणि नदी? तिथे कागद कोराच सोडायचा. न रंगवता नदी कशी व्हायची, आम्हा नवशिक्यांना कळेना. त्यात कागद कमी पडले, म्हणून एका मोठ्या कागदावर दोघी-दोघी. बाईंनी आम्हा दोघींना नेमकं एका बाकावर बसवलं.

ताईंनी कागद लावलेली फळी तिरकी धरली, मी ओला रंग कुंचल्याने खाली ओढत होते. मध्येच रंग नदीकडे ओघळायला लागला. निरोप द्यायला तिथे मुलं थोडीच होती? मीच म्हणाले, "ताई, थोडी माझ्याकडे कलती करा."

त्यांनी केली. ओघळ थांबला. मग कागदावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना मी सकाळीच फोन करायला हवा होता गं. राग माझा माझ्यावरच आहे."

"आणि मला वाटायचं, तुम्ही मला दोषी धरलंय," मी म्हणाले.

तोवर अर्धवट वाळलेल्या डोंगरात पाणी परत शिरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग पडला होता. बाई आल्या, दोघींचे डोळे पाहिले, डाग पाहिला. म्हणाल्या, "आता हात लावू नका. राहू दे."

घरी जाताना मी ताईंना विचारलंच, तुम्ही वर्गाला आलात कशा? त्या म्हणाल्या, "शनिवारी तू परत येतेस ना, तेव्हा खाली दारात गुणगुणत असतेस. म्हटलं, असं आहे तरी काय तिथे, बघू."

बाईंनी आम्हाला मुद्दाम एकत्र बसवलं असणार, अशी माझी खात्री होती. परवा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो. आडनाव एकच होतं. मला तुम्ही बहिणी वाटलात."

बाई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? आपण सर्वांनी इतकं शांतपणे ऐकलंत, तुमचीही ऋणी आहे. घरातलं चारचौघांत बोलले. काही अधिकउणं झालं असेल तर आपलीच म्हणून पोटात घाला. नमस्कार.